त्या एकवीस मुलींच्या जागी लाकडी बाहुल्या कशा आल्या?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातला. एमबीबीएस चीनमध्ये केलं, २०१२ ते २०१८, हूबै प्रांतात, यांगत्सेच्या काठी. आता गावात दवाखाना आहे. एक प्रश्न तेव्हापासून मनात घर करून बसलाय. इथे जाणकार आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून मांडतो.

दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या वर्गाला वूहानच्या प्रांतिक संग्रहालयात नेलं होतं. तिथे लोक जातात ते घंटा बघायला. काशाच्या ६५ घंटा, तीन थरांच्या लाकडी चौकटीला टांगलेल्या, सगळ्यांत मोठी दोनशे किलोंच्या वर. एकाच घंटेतून दोन स्वर निघतात, मधोमध ठोकली तर एक आणि बाजूला ठोकली तर दुसरा. या घंटा ज्याच्या थडग्यात सापडल्या तो त्संग नावाच्या छोट्याशा राज्याचा राजा यी. सुइचौ गावाबाहेर लेइगुदुन टेकडीवर १९७७ साली लष्कराचं बांधकाम चालू असताना सुरुंग लावताना हे थडगं लागलं आणि १९७८ ला ते उकरलं. घंटांमधली एक शेजारच्या मोठ्या चू राज्याच्या राजाने दिलेली भेट आहे, तिच्यावर साल कोरलंय. त्यावरून काळ निघतो इ.स.पू. ४३३ किंवा त्यानंतर लगेचचा.

घंटांपाशी मी फार थांबलो नाही. पलीकडे थडग्याचा आराखडा लावला होता. चार खोल्या. पूर्वेकडच्या खोलीत राजा, आणि त्याच खोलीत आठ लहान शवपेट्या, शिवाय एक कुत्र्याची. पश्चिमेकडच्या खोलीत आणखी तेरा. एकूण एकवीस. सगळ्या बायका, तेरा-चौदा वर्षांपासून पंचविशीपर्यंतच्या. राजाबरोबर पाठवलेल्या. मी मागे वळून बघितलं तर आमच्या वर्गातल्या मुली घंटांसमोर उभं राहून फोटो काढत होत्या, आणि त्या नेमक्या त्याच वयाच्या होत्या. तेव्हा पोटात खड्डा पडला तो अजून आठवतो.

मग शेवटच्या वर्षाला, २०१८ च्या मार्चमध्ये, मी एकटाच चांगशाला गेलो. वूहानहून वेगवान गाडीने दीड तास. तिथे मावांगद्वैच्या थडग्यातली शिन झुई आहे. चांगशाच्या राज्याचा मंत्री ली त्सांग, त्याची बायको. इ.स.पू. १६० च्या आसपास, पन्नाशीत वारली. १९७२ मध्ये बाहेर काढली तेव्हा कातडी मऊ होती, हातपाय सांध्यांत वळत होते. शवविच्छेदन झालं त्याचा तपशील आम्हाला पॅथॉलॉजीच्या सरांनी शिकवला होता. अन्ननलिकेपासून आतड्यापर्यंत खरबुजाच्या १३८ बिया, म्हणजे मरण उन्हाळ्यातलं आणि खाल्ल्यावर लगेचचं. पित्ताशयात खडे, हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या, उजव्या हाताचं जुनं मोडलेलं हाड वेडंवाकडं जुळलेलं. शिवाय रक्तातल्या कृमींची अंडी. हा रोग त्या तळ्यांच्या मुलखात विसाव्या शतकातसुद्धा लाखोंना होता, आम्हाला त्यावर वेगळा पाठ होता. दोन हजार वर्षांपूर्वीची मंत्र्याची बायको आणि आमच्या वॉर्डातला मासेमार, दोघांना एकच दुखणं.

पण माझा प्रश्न शरीराचा नाही. तिच्याबरोबर एकही माणूस पुरलेला नाही. त्याऐवजी १६२ लाकडी बाहुल्या आहेत. कुणी वाजवणाऱ्या, कुणी नाचणाऱ्या, कुणी नुसत्या हात जोडून उभ्या.

सुइचौ ते चांगशा अंतर चारशे किलोमीटर, काळाचं अंतर पावणेतीनशे वर्षं. दोन्हीकडचं पाणी शेवटी यांगत्सेलाच मिळतं. एवढ्यात काय घडलं? कुणी राजाज्ञा काढली? लोकांना दया आली? धर्म बदलला? मी काही इंग्रजी पुस्तकं चाळली, पण ती सगळी घंटा आणि रेशमात रमतात.

नीला

डॉक्टर, तुमचा धागा सकाळी वाचला आणि दिवसभर दुसरं काम सुचलं नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी वूहानला सहा वर्षं होते, तिथेच चिनी शिकले, आता पुण्यात भाषांतरं करते. त्या आराखड्यासमोर मीही उभी राहिले आहे. एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल: खोल्यांमधल्या लाकडी भिंतींना तळाशी चौकोनी भोकं ठेवलेली आहेत. मांजर जाईल एवढी. राजाच्या बाहेरच्या शवपेटीलाही पायाशी असंच भोक आहे, आणि आतल्या पेटीवर रंगवलेल्या खिडक्या आहेत, जाळीसकट, बाजूला भाले घेतलेले पहारेकरी. म्हणजे मेलेला माणूस रात्री उठून घरात फिरणार, घंटांच्या खोलीत जाणार, तेरा जणी आहेत त्या खोलीत जाणार, अशी सोय केलेली आहे. थडगं हे घर आहे ही कल्पना इथेच पुरी झाली आहे. शिन झुईपर्यंत ती बदललेली नाही. बदललं ते एवढंच, की घरात माणूस "असणं" म्हणजे काय.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आधी माणसं, मग दया आली आणि बाहुल्या, अशी सरळ रेघ मला ओढता येत नाही. दोन्ही रिवाज एकाच नदीखोऱ्यात बराच काळ शेजारी शेजारी नांदत होते. त्संगचं घराणं उत्तरेकडच्या जुन्या चौ राजवंशाच्या गोतातलं, चालीरीती जुन्या वळणाच्या. पण त्यांच्या डोक्यावर बसलेलं मोठं राज्य चूचं, आणि चूच्या थडग्यांत तेव्हा लाकडी बाहुल्या होत्याच. चिंगचौजवळ माशान इथे १९८२ मध्ये एका बाईचं छोटं थडगं निघालं. तिच्या अंगावर रेशमी कपड्यांचे थरावर थर, नऊ पट्ट्यांनी बांधलेले, आणि सोबत हातभर उंचीच्या बाहुल्या, त्यांनाही खरे रेशमी कपडे शिवून घातलेले. बाहुलीची बाही कापून, दुमडून, टाके घालून शिवली आहे. कुणीतरी बसून शिवली. मी ती काचेच्या इतक्या जवळ जाऊन बघितली की रखवालदार ओरडला.

कन्फ्यूशियसचं एक वचन नेहमी सांगतात, की ज्याने पहिल्यांदा पुरण्यासाठी माणसाच्या बाहुल्या केल्या त्याचा निर्वंश होवो. लोकांना ते उलटं वाटतं. बाहुल्यांनी माणसं वाचली ना? पण त्याचा राग वेगळाच होता. माणसासारखं दिसणारं काही खड्ड्यात घालायची सवय लागली की माणूस घालायला हात कचरत नाही, असं त्याला वाटायचं. हे म्हणणं मला पटतं.

राजाज्ञा विचारलीत. हो, एक आहे, पण ती पश्चिमेकडच्या छिन राज्यातली. इ.स.पू. ६२१ मध्ये त्यांचा राजा मू वारला तेव्हा १७७ माणसं त्याच्याबरोबर गेली. त्यात तीन भाऊ असे होते की प्रजा हळहळली, आणि त्यांच्यावरचं शोकगीत आजही वाचलं जातं. त्याच छिनमध्ये इ.स.पू. ३८४ ला राजाने ही प्रथा बंद केली. पुढे इ.स.पू. २७८ मध्ये छिनच्या सैन्याने चूची राजधानी घेतली, ती आजच्या चिंगचौजवळच होती. म्हणजे बंदी घातलेलं राज्य तुमच्या नदीकाठी येऊन बसलं. फक्त एवढ्यावर उत्तर संपवू नका. याच छिन घराण्यातला, चीनचा पहिला सम्राट इ.स.पू. २१० मध्ये मेला तेव्हा त्याच्या मुलाने मूलबाळ नसलेल्या सगळ्या राण्यांना बापाबरोबर पाठवलं. बंदी स्वतःच्या घरात पाळली नाही.

खरा बदल मला दिसतो तो लहान माणसांच्या थडग्यांत. सुइचौहून जी छोटी नदी वाहते तिच्याच काठाने खाली गेलात की युनमंग लागतं. तिथे श्वैहूदी म्हणून जागा आहे, नावाचा अर्थ निजलेल्या वाघाची जागा. १९७५ मध्ये तिथे शी नावाच्या एका छिन कारकुनाचं थडगं निघालं. इ.स.पू. २१७ चं. त्याच्या डोक्याशी, कुशीला, पोटावर, पायाशी अकराशेच्या वर बांबूच्या पट्ट्या, बऱ्याचशा कायद्याच्या आणि दप्तराच्या. शेजारच्या थडग्यात दोन सैनिक भावांची पत्रं सापडली. घरी लिहिलंय, आईला सांगा पैसे पाठव, उन्हाळ्याचे कपडे पाठव, तिकडे कापड स्वस्त असेल तर शिवूनच पाठव. त्या मुलखात आता माणसं नोंदीची झाली होती. घर मोजलेलं, वय लिहिलेलं, शेतसारा आणि सैन्य दोन्ही त्या नोंदीवर चालायचं. आणि जसं वरचं जग, तसं खालचं जग. परलोकसुद्धा कचेरी झाला.

याचा पुरावा फंगह्वांगशानच्या १६८ क्रमांकाच्या थडग्यात आहे, चिंगचौजवळ, तेही १९७५ चंच. तिथला माणूस शिन झुईसारखाच शाबूत निघाला. तोंडात जेडची एवढीशी मुद्रा, तिच्यावर त्याचं नाव, स्वै. डॉक्टर, त्याचं पोट तपासलं त्यात त्याला जठराच्या व्रणाला भोक पडून मरण आल्याचं दिसलं, आणि तुमच्या त्या रक्तातल्या कृमीही होत्या. पण महत्त्वाची आहे त्याच्यासोबतची एक बांबूची पट्टी. मी ती अशी लावते:

"तेराव्या वर्षी, पाचव्या महिन्यात, च्यांगलिंगचे दुय्यम अधिकारी भूमीखालच्या दुय्यम अधिकाऱ्यांस कळवितात. शियांग पेठेतील नवव्या दर्जाचे मानकरी स्वै यांचे म्हणणे, की आपणासोबत मोठा दास ल्यांग आदी २८ इसम, मोठी दासी ई आदी १८ बाया, हलके रथ दोन, बैलगाडी एक, तसेच घोडे आहेत. तरी आपल्या कारकुनांस पुढील तजवीज करण्यास सांगावे. कळावे."

हे साल इ.स.पू. १६७. आणि हे दास-दासी म्हणजे थडग्यातल्या लाकडी बाहुल्या. ल्यांग नावाचा खरा दास बहुधा मागे घरी जिवंत होता, अंगण झाडत होता. त्याचं नाव आणि एक लाकडाचा तुकडा एवढं खाली गेलं, आणि कचेरीत तेवढं पुरलं.

त्या एकवीस मुलींपैकी एकीचंही नाव कुठे लिहिलेलं नाही. मला सगळ्यांत जास्त हे लागतं.

मृण्मयी

नीलाताई, वाचून अंगावर काटा आला. एक शंका: ही आपल्याकडच्या सतीसारखीच प्रथा म्हणायची का? आमच्या आजोळी वेशीवर सतीशिळा आहे, कोपरातून वळलेला बांगड्यांचा हात. लहानपणी तिथून जाताना आजी हात जोडायला लावायची. आणि शिन झुईचं थडगं एवढं टिकलं कसं, हेही कुणी सांगा.

कृष्णाकाठ

टिकण्याचं मी सांगतो, ते आम्हाला शिकवलं होतं. जवळजवळ सोळा मीटर खोल खड्डा. त्यात एकात एक चार शवपेट्या, त्यांच्याभोवती जाड फळ्यांचं कोठार. कोठाराच्या सगळ्या बाजूंनी वीतभराहून जाड कोळशाचा थर, अंदाजे पाच टन, आणि त्याच्या बाहेर मीटरभर पांढरी चिकणमाती, ठोकून बसवलेली. कोळसा पाणी शोषतो, माती हवा अडवते. आतला थोडा प्राणवायू सुरुवातीच्या कुजण्यातच संपला असणार आणि पुढचं कुजणं थांबलं. सुरुवातीला खणताना भोकातून वायू बाहेर आला आणि काडी लावल्यावर निळ्या ज्योतीने जळला, असं तिथे सांगतात. शेजारच्या नवऱ्याच्या थडग्याभोवतीचा मातीचा थर सारखा नव्हता, शिवाय चोर शिरले होते. त्याचं शरीर टिकलं नाही, मुद्रा मात्र उरल्या.

तिच्या शवपेट्या आणि जेवणाची ताटं लॅकरची आहेत. काळी-लाल, अजून चेहरा दिसेल अशी चकचकीत. ताटांत लिहिलंय, "महाराज, जेवावं". प्याल्यांत लिहिलंय, "महाराज, प्यावं".

नीला

डॉक्टरांच्या लॅकरला एक जोड: ती आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख नव्हे. आपली लाख किड्याची, ती झाडाच्या चिकाची. पश्चिम हूबैच्या डोंगरात अजून ती झाडं खाचतात, आपल्याकडे रबराची खाचतात तशी. ओला चीक अंगाला लागला तर फोड येतात. एक थर वाळला की दुसरा, असे कित्येक थर. शिन झुईच्या थडग्यात सोन्याचांदीची भांडी नाहीत, पण त्या काळी एका लॅकरच्या ताटामागे किती हातांचं काम होतं ते लक्षात घेतलं तर ती गरिबी नाही.

मृण्मयी, सतीबद्दल. मला दोन्ही एका शब्दात बांधवत नाहीत. सतीत बायको नवऱ्यामागे जाते, तिच्या पुण्याची भाषा होते, मग शिळा होते. इथे एकवीस जणींत बायका कोण, रखेली कोण, वाजवणाऱ्या कोण, ठाऊक नाही. घंटांबरोबर वाजवणारी लागते म्हणून तीही गेली असेल. तिला पुण्य कुणी देऊ केलं नाही आणि तिची शिळाही नाही. पण याच मुलखात पुढे एक गोष्ट अशी आहे की तिथे तुमची तुलना अगदी जवळ येते. ती खाली लिहिते, आधी बाकीच्यांना बोलू द्या.

जुना तलाठी

मी सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं तलाठी होतो. इतिहासातलं मला कळत नाही, पण नीलाताईंनी दिलेलं ते पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात एक चूक नाही. कुठल्या कचेरीतून, कुठल्या कचेरीस, अर्जदार कोण, राहणार कुठला, सोबत काय, पुढे काय करावे. आम्ही दाखले असेच लिहिले. ज्याने लिहिलं त्याने जन्मभर हेच काम केलं असणार, हात बसलेला आहे. मेलेल्या माणसाला अनोळखी गावी पाठवताना त्याची अडवणूक होऊ नये म्हणून शेवटचा दाखला दिला. मला भरून आलं.

एक विचारतो. यादी आणि प्रत्यक्ष माल यांचा मेळ बसतो का? आमच्याकडे पंचनाम्यात आधी तेच बघतात.

नीला

काका, तुमचा प्रश्न पुरातत्त्ववाल्यांनी सगळ्यात आधी विचारायला हवा असा आहे, आणि त्यांनी विचारला आहे. मेळ बसत नाही!

मावांगद्वैलाच तिसरं थडगं आहे, शिन झुईच्या मुलाचं, इ.स.पू. १६८ चं. त्यातही लाकडी पाटी निघाली. घरचा कारभारी खालच्या भांडारप्रमुखाला लिहितो, की सोबत मालाची यादी पाठवत आहे, मिळताच मोजून घेऊन आपल्या साहेबांस कळवावे. आणि यादीत नोकरांची बेरीज आहे. मी मुद्दाम पूर्ण देते:

"पुरुष बाहुले एकूण ६७६. पैकी कारकून १५, खोजे ९, मूर्ती २, ढोल-झांज-घंटा वाजवणारे ४, सोबतचे १९६, शिपाई ३००, गुलाम १५०."

आता थडग्यात प्रत्यक्ष बाहुल्या किती? शंभराच्या थोड्या वर. काही मंडळी भिंतीला टांगलेल्या रेशमी चित्रात आहेत, मिरवणुकीत, तीही धरली तरी यादीतले सगळे हाताला लागत नाहीत. माझ्या मते तिथे उत्तर आहे. सुइचौला नोकर लागला तर नोकरच पुरला. माशानला बाहुली पुरली, पण तिला खरं रेशीम शिवलं. चांगशाला तर नुसता आकडा लिहिला आणि तीनशे शिपाई हजर झाले. कचेरीवर इतका विश्वास बसला होता, की कागद खरा असेल तर माणूस नसला तरी चालेल. (कागद अजून निघायचा होता, पण तुम्हाला समजलं.) शिन झुईच्या थडग्यात नाणीसुद्धा मातीची आहेत.

म्हणून डॉक्टर, दया आली का या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की दया ज्यांना आली ते होते, शोकगीत लिहिणारे होते, पण त्यांच्यामुळे प्रथा थांबली नाही. लिहिलेल्या शब्दाची किंमत जिवंत देहाएवढी धरली जाऊ लागली तेव्हा देह सुटले. पुढची दोन-तीनशे वर्षं बघा, लाकडी कोठार जाऊन विटांची खोली येते, दार उघडून आत जाता येईल अशी, आणि बाहुल्यांबरोबर मातीची चूल, मातीची विहीर, धान्याची कणगी, डुकरांचा गोठा. साध्या माणसालाही ते परवडतं.

जुना तलाठी

१५, ९, २, ४, १९६, ३००, १५०. बेरीज केली. ६७६ बरोबर येते.

मृण्मयी

आणि ती दुसरी गोष्ट, ताई?

नीला

हो. हान नदीच्या काठी चुंगश्यांग म्हणून गाव आहे, हूबैमध्येच. तिथे २००१ मध्ये मिंग घराण्यातल्या ल्यांगच्या राजपुत्राचं थडगं उकरलं. तो वारला १४४१ मध्ये, तिशीत. सोन्याने आणि खड्यांनी भरलेलं थडगं. एका सोन्याच्या लगडीवर कोरलंय, की सम्राट युंगलच्या सतराव्या वर्षी, म्हणजे १४१९ मध्ये, पश्चिम सागराकडच्या देशांतून खरेदी केली. ती मिंगांचा दर्यासारंग चंग ह याच्या जहाजांची वर्षं आहेत. तीच जहाजं आपल्या कालिकतला यायची. माणकं-नीलमही त्याच वाटेने गेली असावीत.

पण मी गेले होते ते तिच्या शिळेसाठी. त्याच थडग्यात त्याची बायको वै आहे. मिंगांच्या घराण्यात माणसं सोबत धाडण्याची चाल परत आली होती. पहिल्या मिंग सम्राटाबरोबर १३९८ ला कित्येक स्त्रियांना मरावं लागलं. शिन झुईच्या बाहुल्यांनंतर दीड हजार वर्षांनी! वै बाईच्या शिळेवर लिहिलंय, की तिने राजपुत्रामागे जायचं ठरवलं होतं. वाड्यावरच्या अधिकाऱ्यांनी वर कळवलं. सम्राटाला दया आली आणि हुकूम आला, की हिला ठेवावं, राजपुत्राच्या दोन लहान मुली वाढवायच्या आहेत. ती आणखी दहा वर्षं जगली, १४५१ ला गेली, आणि मग त्याच्या शेजारी ठेवली. पुढे १४६४ मध्ये सम्राट यिंगत्सुंगने मरताना ही चाल बंद करायला सांगितलं. "ठरवलं होतं" हा शब्द मी शिळेवरून घेतलाय, तिच्या तोंडचा नव्हे. तिला कुणी विचारलं होतं की नाही ते दगड सांगत नाही. मृण्मयी, तुमच्या आजोळच्या शिळेसमोर जे वाटतं ते मला त्या दगडासमोर वाटलं.

आणि हे सगळं संपलेलं नाही, म्हणून शेवटी एक पाहिलेलं सांगते. आमच्या घरमालकिणीचं माहेर हूबैमधल्याच एका खेड्यात. तिची आई तेव्हा ८४ वर्षांची. आजीने साठीतच स्वतःची शवपेटी करून घेतली होती. तिकडे तिला "दीर्घायुष्याचं लाकूड" म्हणतात. धान्याच्या खोलीत दोन बाकांवर ठेवलेली, वर प्लास्टिक, आणि दर एक-दोन वर्षांनी काळ्या चिकाचा नवा हात. आत तिने स्वतः शिवलेले कापडी जोडे होते, जाड तळव्याचे, टाके इतके बारीक की मला मोजता येईनात. तिला एकच घोर होता. १९५६ पासून सरकारचा कल दहनाकडे आहे, शहरांत तर आता सगळं दहनच, आणि खेड्यांत नियम कधी कडक होतील सांगता येत नाही. २०१८ मध्ये शेजारच्या च्यांगशी प्रांतात अधिकाऱ्यांनी म्हाताऱ्यांच्या अशा पेट्या घराघरांतून उचलून नेल्या आणि मोडल्या, खुद्द सरकारी वर्तमानपत्राने त्यावर टीका केली. आजी टीव्हीवर ते बघून दोन दिवस जेवली नव्हती. मुलगी समजूत घालायची, की राख झाली तरी राखेचा डबा याच पेटीत ठेवून पुरू, गावात दोघांचं तसं केलंय. आजी म्हणायची, मग जोडे कोण घालणार?

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, साधारण आपल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास, तिकडे पितरांना कागदी पैसे जाळतात. नुसते नाही जाळत. पैशांची पुडकी बांधतात, आणि प्रत्येक पुडक्यावर टपालासारखा पत्ता लिहितात: घेणारा कोण, त्याचं नातं काय, पाठवणारा कोण, तारीख. नाही लिहिलं तर मधल्या मध्ये कुणीतरी घेतं, असा समज. त्या वर्षी आजीचे डोळे गेले होते आणि नातवंडं शहरात. तिने माझ्या हातात ब्रश दिला. मी पाटावर बसून तेवीस पुडकी लिहिली. सासरा, सासू, नवरा, लहानपणी गेलेला मुलगा. ती नाव सांगायची आणि मी लिहिलेलं बोटाने चाचपायची, शाई ओली असायची तरी. एक अक्षर चुकलं तर पुडकं बदलायला लावलं.

अंधार पडल्यावर अंगणात चुन्याने गोल आखला आणि त्यात एकेक पुडकं ठेवून पेटवलं. शेवटी एक उरलं. मी विचारलं, यावर काय लिहू? आजी म्हणाली, ते कोरंच राहू दे, ज्यांचं नाव कुणाला माहीत नाही त्यांचं आहे. ते तिने गोलाच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला नेऊन जाळलं.